आधी कागद की आधी कोड? नऊ जणांच्या टीमच्या नव्या लीडला उत्तर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: सहा वर्षं मोठ्या सेवा कंपनीत काढली, तिथे दोन ओळींच्या बदलालाही तीन सह्या लागायच्या. आता नऊ जणांच्या छोट्या कंपनीत आलात. दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट, प्रिस्क्रिप्शन आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर. इथे व्हॉट्सॲपवर ‘टाकलं का?’, ‘टाकलं’ एवढ्या बोलण्यावर कोड प्रॉडक्शनला, म्हणजे दवाखाने प्रत्यक्ष वापरतात त्या सिस्टिमवर जातो. गेल्या महिन्यात तुम्हाला लीड केलं. तुम्हाला शिस्त आणायची आहे. टीममधला सगळ्यात हुशार मुलगा म्हणतो, प्रोसेस आली की मी निघालो. मालक म्हणतात, आपण ॲजाइल (थोडं थोडं करत, बदलत पुढे जाणारे) आहोत, कागद नको. मग आधी आराखडा करायचा की थेट कामाला हात घालायचा?

दोन्हींतलं एक निवडायला जाऊ नका. अख्ख्या टीमसाठी एक पद्धत ठरवायची असते, या समजुतीतूनच निम्मी भांडणं होतात. पद्धत कामागणिक ठरते. एकाच माणसाकडे एकाच आठवड्यात दोन कामं असतील, तर एकाला चार पानं आधी लिहावी लागतील आणि दुसऱ्याला एक ओळ लिहिणंही वेळ वाया घालवणं ठरेल. कुठलं काम कुठल्या बाजूला टाकायचं यासाठी मी दोनच गोष्टी विचारतो. चूक झाली तर ती आपल्याला किती वेळात कळेल? आणि कळल्यावर मागे फिरता येईल का? काम किती अवघड आहे, किती मोठं आहे, गिऱ्हाईक किती बडं आहे, हे सगळं त्यानंतर.

हे शहाणपण मला कुठल्या कोर्समध्ये मिळालं नाही. उसाच्या बिलात मिळालं.

वीसेक वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याचं काम आम्ही चौघांनी घेतलं होतं. कामाचे दोन भाग. पहिला शेतकी विभागाचा तोडणी कार्यक्रम: कुठल्या गटातला कुठला प्लॉट कधी तोडायचा, कुठली टोळी कुठे पाठवायची. दुसरा वजनकाट्यापासून बिलापर्यंतचा: भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, त्यातून टनेज, टनेजला दर, त्यातून कपाती, उरलेले पैसे शेतकऱ्याच्या खात्यात.

पहिला भाग आम्हाला डोंगराएवढा वाटला. लागणीची तारीख, उसाची जात, आडसाली की पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, कुठल्या रस्त्यावर ट्रक जातो आणि कुठे फक्त बैलगाडी. म्हणून चार महिने बसून आम्ही नव्वद पानांचा स्पेक, म्हणजे काय बनवायचं त्याचा लेखी तपशील, लिहिला. शेतकी अधिकाऱ्यांनी पानापानावर सही केली. मला अजून आठवतं, त्या फाइलला आम्ही प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं. दुसरा भाग सोपा वाटला. गुणाकार आणि वजाबाकी, त्याला काय लिहायचं? तो माझ्या आणि आणखी एकाच्या डोक्यात होता.

दिवाळीनंतर गाळप सुरू झालं. आठव्या दिवसानंतर तोडणी कार्यक्रमाचा स्क्रीन कोणी उघडला नाही. एका गटात अवकाळी पाऊस झाला आणि रानातून गाडी निघेना. बीडकडची एक टोळी उचल (आगाऊ पैसे) घेऊन आलीच नाही. एका शिवारात ऊस पेटला. जळीत ऊस लगेच तोडावा लागतो, त्यामुळे सगळा क्रम उलटा. वर संचालकांचे फोन. शेतकी अधिकारी खिशातल्या डायरीवर कारखाना चालवत होते आणि उत्तम चालवत होते. तोडणीच्या चिठ्ठ्या देणारा एक स्लिपबॉय मला म्हणाला, “साहेब, तुमचं पुस्तक बरोबरच आहे. ऊस चुकीचा उभाय.”

मी हसलो. महिनाभरानं हसू जिरलं. डिसेंबरात एका रात्री नऊ वाजता अकाउंटचे साहेब आले: विकास सोसायटीच्या कर्जाची वसुली याच पंधरवड्याच्या बिलातून करायची आहे, बँकेची यादी आली आहे, बिलं सकाळी निघायला हवीत. मी तासाभरात थेट कारखान्याच्या मशीनवर बदल केला. एका शेतकऱ्याचं बिल काढून बघितलं, बरोबर आलं, झोपायला गेलो. त्या शेतकऱ्याची एकाच गटात नोंद होती. ज्यांचा ऊस दोन गटांत नोंदलेला होता त्यांची नोंद दोन याद्यांच्या जोडणीत (जॉइनमध्ये) दोनदा येत होती, आणि कर्जाचा हप्ता दोनदा कापला जात होता. असे दोनशेच्या वर निघाले.

आम्हाला कळलं चौथ्या दिवशी. एक म्हातारे गृहस्थ पासबुक घेऊन कारखान्यावर आले आणि काही न बोलता ते टेबलावर ठेवून बसले. तोवर कपातीचे पैसे बँकेतून सोसायट्यांकडे जमाही झाले होते. प्रत्येक सोसायटीच्या सचिवाला गाठून, ठराव घेऊन, ते परत मिळवायला दोन महिने गेले. लग्नसराई होती. ज्यांना त्या पैशांची वाट होती त्यांना मी काय सांगणार, की जॉइन चुकला?

आता माझे ते दोन प्रश्न लावून बघा. तोडणी कार्यक्रमात चूक झाली तर ती त्याच सकाळी कळते, कारण टोळी रानात उभी असते आणि फोन येतो. दुपारपर्यंत क्रम बदलता येतो. बिलात चूक झाली तर कळायला चार दिवस आणि निस्तरायला दोन महिने. आम्ही नेमका जिथे हात मोकळा हवा तिथे नव्वद पानं लिहिली, आणि जिथे कागद हवा तिथे रात्री नऊ वाजता हात चालवला. अवघड दिसणाऱ्या कामाला शिस्त आणि सोप्या दिसणाऱ्या कामाला उरकाउरकी, ही आमची चूक. मी नंतर ती डझनभर टीममध्ये पाहिली आहे.

पुढच्या हंगामाआधी आम्ही उलट केलं. तो स्क्रीन टाकून दिला. मी आठ दिवस शेतकी ऑफिसात खुर्ची टाकून बसलो. दिवसभर बघायचं, संध्याकाळी एक बदल करायचा, सकाळी त्यांच्या हातात द्यायचा. शेवटी जे उरलं ते हास्यास्पद साधं होतं: प्लॉटची एक यादी, ओळ वर-खाली सरकवायची सोय, आणि शेरा लिहायला रिकामा रकाना. डायरीच, फक्त सगळ्यांना दिसणारी. स्पेक शून्य.

बिलाचं मात्र कपातींच्या क्रमापासून लिहून घेतलं. आधी कुठली कपात, पैसे कमी पडले तर कुठली पुढच्या पंधरवड्यात ढकलायची, पैशाचं राउंडिंग कुठल्या पायरीवर. एक पान भरलं, खाली अकाउंटच्या साहेबांची सही. आणि बारा शेतकरी निवडले: दोन गटांत नोंद असलेला, वारस नोंद अर्धवट असलेला, कर्ज बिलापेक्षा जास्त असलेला, दोन भावांचं एकच खातं असलेला, असे. त्यांची बिलं कॅल्क्युलेटरवर हातानं काढून ठेवली. कोडमध्ये काहीही बदललं की आधी या बाराजणांची बिलं पैशापर्यंत जुळायची, मगच छपाई. आम्ही त्यांना बारा बलुतेदार म्हणायचो. याला रिग्रेशन टेस्ट म्हणतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

आता तुमच्या मालकांच्या ‘आपण ॲजाइल आहोत’ या वाक्याकडे येतो, कारण त्यावर तुम्ही अडलेले दिसता.

या दोन पंथांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. एक टप्पा पुरा करून मगच पुढचा घ्यायचा, या ज्या पद्धतीला आज वॉटरफॉल म्हणून शिव्या घालतात, तिचा उगम अमेरिकी संगणक तज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या एका निबंधात सांगितला जातो. त्यात एकाखाली एक उतरत जाणाऱ्या चौकटींचं चित्र आहे खरं. पण पुढे ते स्वतःच म्हणतात की असं केलं तर धोका आहे आणि अपयश ओढवेल. काम नवीन असेल तर आधी छोटं करून बघा, म्हणजे खरी वस्तू ही दुसऱ्यांदा केलेली असेल. वॉटरफॉल हा शब्दही त्या निबंधात नाही. लोकांनी चित्र उचललं आणि मजकूर तिथेच सोडला. पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या स्कीइंगच्या ठिकाणी १७ जण जमले आणि ॲजाइलचा जाहीरनामा निघाला. त्यात चार ओळी आहेत आणि खाली एक वाक्य आहे, की उजव्या बाजूच्या गोष्टींनाही, म्हणजे प्रक्रिया, कागदपत्रं, करार, आराखडा यांनाही मोल आहे, आम्ही डाव्या बाजूला जास्त मोल देतो इतकंच. लोकांनी चार ओळी घेतल्या आणि वाक्य सोडलं. मालकांना ते वाक्य दाखवा. भांडू नका, फक्त दाखवा.

तुमच्या जुन्या कंपनीतल्या तीन सह्यांनाही मी मूर्खपणा म्हणणार नाही. त्या कुठून आल्या ते माहीत असलं तर त्यातलं काय उचलायचं ते कळतं. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कंपन्या परदेशी कामं घ्यायला लागल्या. गिऱ्हाईक दहा हजार किलोमीटरवर, त्याचा दिवस तेव्हा आपली रात्र, इथली माणसं दर वर्षी बदलणारी. त्यानं विश्वास कशावर ठेवायचा? अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटनं काढलेली सीएमएम ही कंपनीच्या कामातली शिस्त मोजणारी पाच पायऱ्यांची मोजपट्टी त्या वेळी कामी आली, आणि पाचवी पायरी गाठण्यात भारतीय कंपन्या जगात पुढे होत्या. लांबून विश्वास मिळवायची ती किंमत होती आणि ती वसूल झाली.

पण त्याच काळात मी ऑडिटच्या आदल्या रात्रीही बघितल्या आहेत. कॉन्फरन्स रूममध्ये वडापाव, आणि चौघंजण कधीच न झालेल्या रिव्ह्यूंची नोंद भरतायत. मागच्या तारखा टाकून, तीन वेगवेगळ्या पेनांनी, म्हणजे एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसू नये. अशी शिस्त नसलेलीच बरी. प्रोसेस नाही हे माहीत असलेला माणूस निदान जपून पाऊल टाकतो. तुमचा तो हुशार मुलगा बहुधा याच प्रकाराला घाबरलाय, आणि त्याचं चुकत नाही.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण हवं असेल तर नाइट कॅपिटलचं घ्या. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातली मोठी दलाली कंपनी. १ ऑगस्ट २०१२ ला बाजारात नवी योजना सुरू होणार होती, त्यासाठी त्यांनी नवा कोड आठ सर्व्हरवर चढवला. एका माणसानं हातानं चढवला. सातांवर चढला, आठव्यावर राहिला. दुसऱ्या कोणी तपासलं नाही. तपासावं असा लेखी नियमच नव्हता. नव्या कोडनं एक जुना फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण) नव्या अर्थानं वापरला होता. आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगनं २००३ पासून वापरात नसलेला ‘पॉवर पेग’ नावाचा कोड जागा झाला आणि तो न थांबता ऑर्डरी पाठवत सुटला. बाजार उघडण्याआधी यंत्रणेनं ९७ ई-मेल पाठवले होते, त्यांत पॉवर पेगचं नाव होतं. पण ते मेल धोक्याची घंटा म्हणून बघायचे असतात, असं कोणाला सांगितलेलंच नव्हतं. ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. वर्षभरात ती कंपनी दुसरीत विलीन झाली.

मला त्यातला सगळ्यात बोलका भाग मधल्या मिनिटांतला वाटतो. गडबड लक्षात आल्यावर तिथल्या लोकांनी अंदाज बांधला की नवा कोड चुकलाय, आणि ज्या सात सर्व्हरवर तो नीट चढला होता तिथून काढून टाकला. म्हणजे आता जुना कोड सगळ्या आठांवर जागा झाला. ती माणसं बिनडोक नव्हती. घाईत, घामाघूम होऊन, पैसे जाताना दिसत असताना जो विचार सुचतो तो सुचला. उत्स्फूर्तपणे काम करायला हुशारी लागते असं सगळे म्हणतात. खरं तर स्वस्थपणा लागतो, आणि संकटात नेमका तोच नसतो. म्हणून जिथे डोकं ठिकाणावर नसणार तिथल्या पायऱ्या आधी लिहून ठेवायच्या.

तुमच्याकडे काय करायचं ते आता सांगतो. प्रोसेस हा शब्द पहिले दोन आठवडे तोंडातून काढू नका. आधी तीन गोष्टी बसवा: कुठलाही रिलीज एका कमांडनं मागे घेता आला पाहिजे, प्रॉडक्शनच्या डेटाबेसला हात लावायचा अधिकार नऊ जणांना नको, दोघांना पुरे, आणि बॅकअप महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर खरोखर उतरवून, दवाखाना उघडतो का ते बघायचं. तिसरं सगळे टाळतात. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीत रात्री उशिरा दमलेल्या इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. बॅकअपच्या एकाहून जास्त सोयी होत्या. रोजचा डंप (डेटाची पूर्ण प्रत) फुकट जात होता, कारण आवृत्ती जुळत नव्हती, आणि तसं कळवणारे ई-मेल वाटेतच नाकारले जात होते. वाचले ते योगायोगानं: त्याच इंजिनिअरनं सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हातानं स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाची प्रत, घेतला होता. सहा तासांचा डेटा गेला. हे सगळं त्यांनी स्वतःच उघड लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला माहीत आहे.

या तीन गोष्टी झाल्या की तुमच्या त्या मुलाला आजच्यापेक्षा जास्त मोकळीक देता येईल. मागे फिरता येत असलं की वेडेपणा परवडतो.

मग कामं दोन बाजूंना लावा. अपॉइंटमेंटचा स्क्रीन घ्या. त्याला स्पेक लिहू नका, आणि ऑफिसात बसून डिझाइनवर चर्चाही करू नका. दोघांनी दोन संध्याकाळी एखाद्या दवाखान्याच्या रिसेप्शनवर जाऊन बसायचं. तिथल्या ताईंच्या कॉम्प्युटरशेजारी एक दोनशे पानी वही असते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये जे होत नाही ते सगळं त्या वहीत असतं: ‘पाटील आजी, रिपोर्ट दाखवायचा, मधे सोडणे’. ती वही हा तुमचा स्पेक. रोज एक बदल करा, दोनच दवाखान्यांना फ्लॅगमागे द्या, आवडलं नाही तर काढा. चूक झाली तर ताई दहा मिनिटांत फोन करतात, त्यात आडपडदा नसतो.

प्रिस्क्रिप्शनच्या छपाईला हेच करायला जाऊ नका. १-०-१ छापताना रकाना सरकून ०-१-१ झालं तर कोणाचा फोन येईल? औषधवाल्याचा नाही, त्याला फक्त नाव आणि नग दिसतात. पेशंट मुकाट्यानं गोळी घेईल. चूक कळायला किती वेळ? कदाचित कधीच नाही. इथे एक पान आधी, दुसऱ्या माणसाचा रिव्ह्यू, आणि तुमचे स्वतःचे बारा बलुतेदार: लांबलचक नावाचं औषध, अर्धी गोळी, एक दिवसाआड, दोन पानांवर जाणारी यादी. पावती क्रमांक, परतावा, दिवसअखेर गल्ला जुळणं, हेही याच बाजूचं. डेटाबेसचं मायग्रेशन, म्हणजे साठवलेल्या डेटाची रचना बदलणं, तर डोळे झाकून याच बाजूला.

एक गोष्ट मात्र लोक हमखास चुकीच्या बाजूला टाकतात: पेशंटला जाणारे मेसेज. कोड तीन ओळींचा, मजकूर एका ओळीचा, म्हणून उरकलं जातं. गेलेला एसएमएस परत घेता येत नाही. एकाचा रिपोर्ट तयार असल्याचा मेसेज दुसऱ्याच्या घरी गेला, आणि तो रिपोर्ट कशाचा आहे हे मेसेजमध्ये लिहिलेलं असलं, तर त्याला कुठला रोलबॅक?

काही कामं कुठल्याच बाजूला बसत नाहीत, कारण काय करायचं तेच माहीत नसतं. समजा दवाखान्याला लॅबच्या यंत्रातून आकडे थेट हवेत. तिथे अंदाजपत्रक मागणं म्हणजे माणसाला खोटं बोलायला लावणं आहे. दोन दिवस द्या, वेगळ्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात), प्रॉडक्शनचा एकही पासवर्ड न देता. दोन दिवसांनी उत्तर हवं, कोड नको. प्रयोगाचा कोड फेकायचा असतो हे सगळे मान्य करतात आणि मग ‘चालतंय की’ म्हणून तोच विकला जातो. मी एकदा यावर उपाय म्हणून प्रयोग मुद्दाम वेगळ्या भाषेत करायला लावला होता. मुलं चिडली, पण फेकला गेला.

हल्ली कोड लिहून देणाऱ्या एआय साधनांमुळे हा प्रश्न आणखी टोकदार झालाय. फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रे कारपथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द काढला, म्हणजे कोड न वाचताच, चालतोय ना बघत पुढे जायचं. प्रयोगासाठी मी ते आनंदानं करतो, दोन दिवसांचं काम दोन तासांत होतं. पण ‘चूक किती वेळात कळेल’ या प्रश्नाचं उत्तर त्यानं लांबतं, कारण कोड कोणाच्याच डोक्यात नसतो. आमच्या उसाच्या बिलाचा कोड निदान माझ्या डोक्यात तरी होता.

रिलीजची यादी. ही एकच गोष्ट मी जवळजवळ प्रत्येक टीममध्ये बसवतो. सात ओळींच्या वर जाऊ द्यायची नाही आणि प्रत्येक ओळीसमोर ती का आली ते लिहायचं: कुठल्या तारखेला काय फुटलं होतं. कारण नसलेली ओळ कोणीही पुसावी. आमच्या कारखान्याच्या यादीत एक ओळ होती, ‘रात्री आठनंतर बिलाला हात नाही’, आणि समोर डिसेंबरची ती तारीख. माझं नाव लिहायची गरज पडली नाही.

यादी म्हटली की लोकांना माणसाचं यंत्र केल्यासारखं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ कलमांची यादी काढली. तिच्यातलं एक कलम असं आहे की चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. औषध, रक्त, हत्यारं यांच्या रांगेत हे कशाला? तर पुढे काही बिघडलं आणि नर्सला ते आधी दिसलं, तर तिचं तोंड आधीच एकदा उघडलेलं असावं. यादीनं तिला बोलायची वाट करून दिली. तुमच्या यादीतही अशी एक ओळ ठेवा: ‘या बदलाबद्दल कोणाच्या पोटात गोळा आहे का?’ नव्यानं आलेल्या मुलीला हा प्रश्न नाव घेऊन विचारा.

आणि प्रॉडक्शन पडेल तेव्हाचं. पडेलच. तेव्हा तिघांची कामं आधीपासून ठरलेली असू द्या: एक जण टाइप करणार, एक जण त्याच्या मागे उभा राहून प्रत्येक कमांड एंटर मारण्याआधी मोठ्यानं वाचणार, एक जण दवाखान्यांना फोन करणार आणि दर दहा मिनिटांनी काय केलं ते वेळेसकट लिहिणार. बाकी सहा जणांनी चहा प्यायला जायचं. हे शेवटचं अमलात आणणं सगळ्यात अवघड जातं. लीडलाही टाइप करणाऱ्याच्या खांद्यावरून वाकायची खाज असते.

आता त्या हुशार मुलाचं सांगायचं राहिलं. त्याला प्रोसेस समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका. रिलीजची यादी त्यालाच लिहायला द्या. आळशी आणि हुशार माणसाइतकी आखूड यादी कोणी करत नाही. सातची पाचवर आणेल, दोन ओळींची स्क्रिप्ट करून टाकेल, आणि मग ती यादी दुसऱ्या कोणी मोडली तर तोच चिडेल. एवढं करूनही तो गेला, तर त्याच्या डोक्यात काय काय होतं आणि ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळेल. म्हणून त्याला आजपासून दर शुक्रवारी अर्धा तास एकाला शेजारी बसवून काम करायला सांगा, तो राहो न राहो.

स्टँडअप, म्हणजे रोजची उभ्याउभ्याची छोटी बैठक, ठेवायचा का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नऊ जण एकाच खोलीत असाल तर रोज नको. सोमवारी आणि गुरुवारी पंधरा मिनिटं. तिकिटांसाठी, म्हणजे कामांच्या नोंदींसाठी, जिरा हे सॉफ्टवेअर घ्यायचं का? भिंतीवरचा फळा आणि पिवळ्या चिठ्ठ्या तुम्हाला निदान वर्षभर पुरतील. फक्त चिठ्ठीच्या कोपऱ्यात एक खूण करा, परत फिरता न येणाऱ्या कामाला लाल. एका वेळी फळ्यावर तीनपेक्षा जास्त लाल चिठ्ठ्या दिसल्या, तर चौथी लावण्याआधी मालकांना खोलीत बोलवा.